‘भिया, साइट नहीं चल री’: इंदुरात एकट्याने वेबसाइटची कामं करणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: लोकमान्य नगरातला एक तरुण विजय नगरच्या एका कंपनीतली नोकरी सोडून आता स्वतःची कामं घेतो. हाताशी तीन गिऱ्हाइकं आहेत. सियागंजातले एक नमकीनचे व्यापारी, भंवरकुआंजवळचा एक कोचिंग क्लास आणि एक मराठी मंडळ. कोड येतो, पण दिवस भलत्याच गोष्टींत जातो. केलेला बदल गिऱ्हाइकाला दिसत नाही, फॉर्मचे मेल पोचत नाहीत, पैसे कापले जातात पण ऑर्डर दिसत नाही, मंडळाचा मजकूर वेडावाकडा उमटतो आणि बिल महिनोन्महिने अडकतं. हे सगळ्यांचंच असतं की माझंच काही चुकतंय, असं त्याने विचारलंय.

सगळ्यांचंच असतं. तुमच्या यादीतली बहुतेक दुखणी कोडच्या बाहेरची आहेत. ब्राउझरकडून सर्व्हरकडे, सर्व्हरकडून जीमेलकडे, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेकडून तुमच्या डेटाबेसकडे, छापखान्याच्या फाइलमधून वेबपानावर अशी जिथे गोष्ट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, तिथेच ती हरवते. हरवली की बोट तुमच्याकडे. म्हणून खाली बरेचदा एकच सल्ला वेगवेगळ्या रूपांत येईल: हातातून सोडण्याआधी तिची नोंद स्वतःकडे करून ठेवा.

‘साइट नहीं चल री’ या फोनपासून सुरुवात करू. लगेच लॅपटॉप उघडू नका, तीन गोष्टी मागा: अॅड्रेस बार दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट, नेमकी वेळ, आणि फोन वाय-फायवर होता की मोबाइल डेटावर. ब्राउझर ‘पत्ता सापडत नाही’ म्हणत असेल तर डोमेनची मुदत किंवा डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बघा. ‘कनेक्शन खासगी नाही’ म्हणत असेल तर साइटची ओळख पटवणारं एसएसएल प्रमाणपत्र. कधीकधी नुसती फोनमधली तारीख चुकलेली असते. ५०० हा चुकीचा आकडा आला तर कोड किंवा कॉन्फिगरेशन, सरळ एरर लॉग (सर्व्हरची चुकांची नोंदवही) वाचा. ५०२ किंवा ५०४ म्हणजे दाराशी असलेला वेब सर्व्हर जिवंत आहे, पण मागची पीएचपी किंवा नोडची प्रक्रिया मेली आहे किंवा वेळेत उत्तर देत नाहीये. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक प्रकार हमखास भेटतो. पहिलं पान छान उघडतं, पण कोणालाच लॉगिन करता येत नाही. अशा वेळी आधी डिस्कची जागा तपासा. बॅकअपच्या प्लगिनने रोजची झिप त्याच डिस्कवर साठवून ती भरलेली असते, सेशनची, म्हणजे कोण आत आलंय हे लक्षात ठेवणारी, फाइल लिहायला जागा उरत नाही आणि लॉगिन मुकाट फसतं. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी पाठवा आणि डिस्क ८० टक्के भरली की आपल्याला मेल येईल अशी सोय करा.

बदल तुम्हाला दिसतो आणि नमकीनवाल्या शेठजींना दिसत नाही, हे कॅशेचं, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचं, काम. एचटीएमएल पानाला ‘नो-कॅश’ हेडर द्या. त्याचा अर्थ ‘साठवू नको’ असा नसून ‘साठव, पण वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचार’ असा आहे. साठवायचंच नसेल तर ‘नो-स्टोअर’. सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइलच्या नावात मात्र बिल्ड करताना हॅश (मजकूर बदलला की बदलणारी खूण) घाला आणि मग खुशाल वर्षभराची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत द्या. गडबड होते ती वर्षभराची मुदत दिली आणि फाइलचं नाव तेच ठेवलं की. मग शेठजींच्या फोनमधल्या त्या प्रतीपर्यंत तुमचा हात पोचत नाही, नाव बदलणं एवढाच उपाय उरतो. वर्डप्रेस असेल तर कॅशे आतून बाहेर साफ करायचा: आधी प्लगिनचा, मग सर्व्हरचा, शेवटी सीडीएनचा, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सेवेचा. उलट क्रमाने केलं तर सीडीएन रिकामा होताच सर्व्हरकडची जुनी प्रत उचलून पुन्हा भरतो. व्हॉट्सॅपवर लिंक टाकल्यावर जुनं चित्र दिसतं त्याचा याच्याशी संबंध नाही. ते प्रीव्ह्यू वेगळं साठवलेलं असतं. चित्राच्या फाइलचं नाव बदला आणि आकार १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा.

सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच डीएनएसचा टीटीएल (जुनं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. आधीचा टीटीएल ८६,४०० असेल तर तेवढा, म्हणजे पूर्ण एक दिवस थांबावं लागतं. बदलाच्या क्षणी कमी करून काही उपयोग नाही. नेमसर्व्हरच (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलत असाल तर डॉट कॉमसाठी दोन दिवस धरून चाला आणि जुना सर्व्हर तोवर चालू ठेवा. बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. नवीन जागी साइटचा ए रेकॉर्ड टाकला जातो, मेलसाठी लागणारे एमएक्स आणि टीएक्सटी विसरतात. साइट झकास चालते, पण कंपनीचे मेल बंद पडतात, आणि ते संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता मेल. कोचिंग क्लासच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये ठरलेली चूक असते: ‘फ्रॉम’मध्ये विद्यार्थ्याचा जीमेल पत्ता टाकलेला. तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने पत्र धाडतोय, हे जीमेलला मान्य होणारच नाही. ‘फ्रॉम’मध्ये क्लासच्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये विद्यार्थ्याचा. पीएचपीचं मेल फंक्शन सोडा आणि ५८७ पोर्टवरून लॉगिन करून एसएमटीपीने (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) पाठवा. क्लाउडवर २५ नंबरचा पोर्ट बहुधा बंदच असतो. डीएनएसमध्ये एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणी फसली तर मेलचं काय करायचं) तिन्ही हवेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल जीमेलवर येणाऱ्या प्रत्येक मेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला तिन्ही. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असते. जुन्या होस्टिंगची एक आणि नव्या मेलसेवेची दुसरी अशा दोन ठेवल्या तर तपासणीच निकामी होते. दोन्ही ‘इन्क्लूड’ एका ओळीत आणा. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकश्या दहाच्या आत राहायला हव्यात. डीकेआयएमची २०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांत मावत नाही, म्हणून काही पॅनेलांत ती अवतरणांत तोडून दोन तुकड्यांत टाकावी लागते. डीमार्क आधी ‘नन’वर (अडवू नका, फक्त कळवा) ठेवा, दोनतीन आठवडे अहवाल वाचा, मगच कडक करा.

एवढं करूनही मेल हा पुरावा मानू नका. फॉर्म भरला की आधी डेटाबेसमध्ये ओळ लिहा, मग मेल रांगेत टाका, आणि गेला की नाही ते त्याच ओळीत नोंदवा. अॅडमिनमध्ये साधी यादी दाखवली की ‘इस महीने एक भी इन्क्वायरी नहीं आई’ या वाक्यावर वाद घालावा लागत नाही. यादी उघडून दाखवायची.

पैसे कापले पण ऑर्डर नाही, हे मात्र गंभीर. बहुतेकांची ऑर्डर गिऱ्हाईक गेटवेवरून साइटवर परत आल्यावर ‘पेड’ होते. यूपीआयमध्ये गिऱ्हाईक दुसऱ्या अॅपमध्ये जातं, पिन टाकतं, पैसे गेल्याचा आवाज येतो आणि ते फोन खिशात घालतं. परत येतच नाही. म्हणून परतीच्या पानावर विसंबायचं नाही. ते फक्त ‘धन्यवाद’ म्हणण्यापुरतं. पैसे आल्याचा निर्णय वेबहुकवर, म्हणजे गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट पाठवतो त्या निरोपावर, घ्यायचा.

क्रम असा ठेवा. गेटवेकडे जाण्याआधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून लिहा. रक्कम सर्व्हरवर मोजा, ब्राउझरने पाठवलेली धरू नका, नाहीतर एखादा हुशार पोरगा एक किलो लौंग सेव एका रुपयात नेईल. रक्कम रुपयांऐवजी पैशांत आणि पूर्णांकात साठवा, १९.९९ ला १०० ने गुणलं की जावास्क्रिप्ट १९९९ ऐवजी १९९८.९९९ असं काहीतरी देते आणि गेटवे ते नाकारतो. वेबहुक आला की त्याची सही कच्च्या मजकुरावरच तपासा. जेसन पार्स करून पुन्हा जोडला की एखादी मोकळी जागा बदलते आणि खरी सही खोटी ठरते. लगेच २०० (‘मिळालं’) असं उत्तर द्या, बिल आणि मेलचं काम मागाहून करा. उशीर झाला की गेटवे तोच वेबहुक परत पाठवतो. एकच घटना दोनदा येणार हे धरूनच पेमेंटच्या क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारी अट) लावा. क्रमही उलटसुलट येतो. गिऱ्हाइकाचा पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा जमला, तर ‘फसला’ची बातमी मागून येऊ शकते; तिने ‘पेड’ ऑर्डर पुसली जाता कामा नये. फ्रेमवर्कचं सीएसआरएफ संरक्षण (परक्या साइटवरून आलेली विनंती अडवणारं) वेबहुकच्या एका पत्त्यापुरतं काढा, नाहीतर लाराव्हेल ४१९ आणि जँगो ४०३ देऊन वेबहुकच हाकलून लावतात, आणि टेस्टिंगमध्ये परतीच्या पानामुळे सगळं चालताना दिसत असल्याने ते कोणाला कळत नाही.

शिवाय दर पंधरा मिनिटांनी एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) प्रलंबित ऑर्डरींची स्थिती गेटवेला विचारत राहू द्या. बँकेतून कापले पण व्यापाऱ्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, अशा यूपीआय व्यवहाराबाबत रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वाक्य हिंदीत लिहून दुकानाच्या फोनवाल्या मुलाकडे देऊन ठेवा. निम्मे भांडणाचे फोन तिथेच मिटतात.

नमकीनच्या साइटसाठी कराचा दर कोडमध्ये आकडा म्हणून लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ज्यांनी १२ हा आकडा चार फाइलींत लिहून ठेवला होता त्यांचं नवरात्र त्या शोधण्यात गेलं असणार. दर वेगळ्या तक्त्यात, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारखांसह ठेवा, आणि ऑर्डर होताच तो दर ऑर्डरच्या ओळीत उतरवून घ्या. नाहीतर मुनीमजी ऑगस्टचं बिल ऑक्टोबरात छापतात आणि कर बदललेला निघतो.

फोटोंचं थोडक्यात. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू देऊ नका. अपलोड होतानाच १२०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलक्या फाइलचा चित्रप्रकार) बनवा. टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा म्हणजे पान उड्या मारत नाही. सर्वात वरच्या चित्राला लेझी लोडिंग (पान सरकवल्यावरच चित्र आणणं) नको.

मंडळाच्या मजकुराला जरा वेळ द्यावा लागेल, कारण यावर मराठीत नीट लिहिलेलं कमी सापडतं. मंडळाकडून स्मरणिकेची पेजमेकरची किंवा कोरलची फाइल येते, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातली. तिच्यात देवनागरी नसतेच; रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. त्यामुळे कॉपी-पेस्ट केल्यावर वेबवर रोमन गिचमीड उमटते. कन्व्हर्टर लागतो आणि त्यानंतर डोळ्यांनी वाचणंही लागतं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. साधी अक्षरं बरोबर वळतात, पण ‘र्ती’, ‘ष्ट्रि’ अशा जागी कन्व्हर्टर अडखळतो. जोडाक्षरावरची वेलांटी, रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’, आकडे आणि अवतरणचिन्हं एवढं शोधून तपासलं की बहुतेक चुका हाती लागतात. मूळ फाइल आणि छापील प्रत दोन्ही जपून ठेवा आणि शेवटचं वाचन मंडळातल्या कोणाकडून तरी सहीनिशी करून घ्या.

‘ऱ्या’चं दुखणं इथे संपत नाही. ‘दऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतं: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला सारखंच, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. आणि एखाद्या फॉर्मने ‘अदृश्य अक्षरं’ साफ केली की दुसऱ्या प्रकारातलं ‘दऱ्या’ मुकाट ‘दर्या’ होऊन बसतं. तुमच्या नमकीनच्या साइटवर हिंदी ‘पापड़’चीही तीच कथा, तिथला ड़ एक अक्षर म्हणूनही येतो आणि ड अधिक नुक्ता (खालचं टिंब) असाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी मजकूर एनएफसीने (युनिकोडचा एकरूप लेखनाचा नियम) एकसारखा करून घ्या. नुक्त्याचं काम त्याने होतं. ‘ऱ्या’साठी मात्र स्वतःची एक ओळ लिहावी लागते, कारण जॉइनरवालं रूप एनएफसी बदलत नाही.

डेटाबेस, टेबल आणि कनेक्शन या तिन्ही ठिकाणी यूटीएफ८एमबी४ ही अक्षरं साठवायची पद्धत ठेवा. तिसरं बरेचदा राहून जातं. बिघाड ओळखायची खूण अशी: मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली असतील तर तो मजकूर गेला, बॅकअप काढा. ‘à¤’ छापाची विचित्र लॅटिन अक्षरं आली असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि परत मिळवता येतात. घाईने पुन्हा सेव्ह करू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि ‘क्ष’ म्हणजे तीन चिन्हं. त्यामुळे मथळा बाइट मोजून कापला की शेवटी काळा चौकोन येतो आणि चिन्हं मोजून कापला की लोंबता हलन्त. जोडाक्षर पूर्ण धरून कापणारं फंक्शन वापरा. सभासदांची सीएसव्ही एक्सेलमध्ये गिचमीड दिसते कारण फाइलच्या सुरुवातीला बीओएम (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी खूण) नसतो. तो घाला, प्रश्न संपला.

दिसण्याच्या बाबतीत: देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्य, नाहीतर शिरोरेषा तुटते. इंग्रजी थीममधला मथळ्यांचा लाइन-हाइट १.१ असतो, त्यात उकार आणि अनुस्वार कापले जातात, १.५ च्या आसपास ठेवा. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, हिंदी नको. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. पावत्यांच्या पीडीएफमध्ये वेलांटी भलतीकडे जात असेल तर दोष तुमचा नाही. एफपीडीएफ, टीसीपीडीएफ, डॉमपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्रऱ्यांना देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. एमपीडीएफ ओटीएल (जोडाक्षरं जुळवायची सोय) चालू करून वापरा, किंवा हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोमने पान छापून घ्या. एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर एका संदेशात १६० ऐवजी ७० अक्षरं मावतात आणि खर्च त्या मानाने वाढतो. शिवाय डीएलटीवर (एसएमएसचा मजकूर नोंदवायची व्यवस्था) मंजूर झालेल्या मजकुरापेक्षा शब्द वेगळा गेला तर संदेश पोचतच नाही.

डोमेन आणि होस्टिंग नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डाने. ओटीपी कोणाच्या फोनवर जातो हेही लिहून ठेवा. मुनीमजी नोकरी सोडून गेले की ते महत्त्वाचं ठरतं. डॉट कॉम हातचं गेलं तर सवलतीची मुदत संपल्यावर ३० दिवस ते जादा पैसे भरून सोडवता येतं, त्यानंतर पाच दिवसांनी कोणीही घेऊ शकतं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं ९० दिवसांचं एसएसएल प्रमाणपत्र आपोआप नव्याने निघतं, पण ८० नंबरचा पोर्ट बंद केला किंवा डीएनएस हलवला की ते थांबतं, आणि मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केलंय. बाहेरून तपासणारी एखादी मोफत सेवा लावा. वर्षाकाठी एकदा हाताने प्रमाणपत्र बदलायची सवय असेल तर तीही मोडावी लागेल: मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवसांवर आली आणि २०२९ मध्ये ४७ वर येणार आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी किंवा रंगपंचमीच्या आदल्या दिवशी काही लाइव्ह करू नका. गेरेच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, गर्दीत राजवाड्यावरून सर्व्हर दुरुस्त होत नाही.

राहिले पैसे. माझ्या मते ४० टक्के सुरुवातीला, ४० टक्के चाचणीच्या पत्त्यावर मंजुरी मिळाल्यावर आणि २० टक्के लाइव्ह करण्याआधी, ही वाटणी एकट्याने काम करणाऱ्याला झेपते. लाइव्ह झाल्यानंतरचा हप्ता ठेवूच नका. पानांची संख्या, सुधारणांच्या दोन फेऱ्या आणि त्यापुढचा तासाचा दर कामाच्या कागदावर लिहा. त्यातच एक ओळ अशी घाला की मजकूर आणि फोटो पंधरा दिवसांत आले नाहीत तरी पुढचा हप्ता देय होईल. कामं अडकतात ती बहुधा फोटोंपायी. ‘छोटा सा चेंज’ फोनवर सांगितला गेला तर त्याच दिवशी व्हॉट्सॅपवर लिहून ‘हां’ घ्या. डोमेन अडवून वसुली करायचा मोह टाळा, त्यात नाव आपलंच खराब होतं.

आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती मोफत आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत चुकवून वर्षअखेर थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येते. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक छापा, आणि फेब्रुवारीच्या शेवटी थकबाकीची यादी शेठजींबरोबर त्यांच्या सीएंनाही पाठवा. मार्चएंडच्या आधी पैसे सोडायची घाई मग सीएंनाच होते.